झाडं लावलीत, आता त्यांची एएमसीपण घ्या

जून उजाडला की वृक्षारोपणाची आमंत्रणं यायला लागतात, रोज एखादं तरी असतंच, आणि त्यातली निम्मी कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या नावाची असतात. कंपन्यांनी आणि आजूबाजूच्या लोकांनी मिळून पर्यावरणाचं काम करावं ह्या मताचा मी पक्का माणूस आहे, म्हणूनच आज जरा सविस्तर लिहितोय, कारण मला मनापासून वाटतं की ह्यातला बराचसा पैसा चुकीच्या दिवशी खर्च होतोय. रोप लावायचा दिवस हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपा दिवस असतो. खरा खर्च असतो तो पुढच्या तीन उन्हाळ्यांचा, आणि तेव्हा पैसे द्यायला कोणी नसतं.

माझं भोसरीला फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, मोठ्या कंपन्यांची जॉबची कामं करतो, त्यामुळे त्यांची खरेदी कशी चालते ते जवळून बघतो. साधा कॉम्प्रेसर घ्यायचा असला तरी एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, ठरल्याशिवाय पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, निघत नाही. सर्व्हिसला माणूस किती तासात येणार, स्पेअर किती वर्षं मिळणार, ब्रेकडाऊन झालं तर जबाबदार कोण, सगळं कागदावर घेतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. मग हीच माणसं डोंगरावर शेकड्याने रोपं लावताना पाणी कोण घालणार हा एक प्रश्न का विचारत नाहीत? जी शिस्त मशीनला लावता तीच झाडाला लावा, माझं मागणं एवढंच आहे.

आता आपल्या पुण्याच्या टेकड्यांचं बघा. वेताळ टेकडी घ्या, तळजाई घ्या, हनुमान टेकडी, बाणेरची घ्या, खाली सगळा काळा पाषाण आणि वर कुठे वीतभर तर कुठे तेवढीपण नाही अशी मुरमाड माती. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. परतीचा पाऊस गेला की पुढचे सात-आठ महिने जमीन कोरडी. जुलैत लावलेलं रोप ऑक्टोबरपर्यंत झकास दिसतं, फोटो काढला तर कोणीही म्हणेल काम झालं. पण मूळ अजून खाली गेलेलं नसतं, आणि फेब्रुवारीपासून जे ऊन लागतं त्यात हातभर रोप टिकणं म्हणजे कोणीतरी नेमाने पाणी घातलं असेल तरच. वरून वणव्याची भीती. गवत वाळून कडक झालेलं असतं, एक विडी पुरते, नाहीतर कोणी मुद्दामही लावतं, आणि तीन वर्षांची मेहनत एका दुपारीत जाते. ह्यासाठी पाऊस संपल्यावर, गवत पूर्ण वाळायच्या आत जाळरेषा काढायला लागतात, म्हणजे गवत कापून पट्टे मोकळे करायचे, आग आली तर तिथे अडावी म्हणून. हे काम कंटाळवाणं आहे, घामाचं आहे, आणि ह्याचं आमंत्रण मला आजवर एकाही कंपनीकडून आलेलं नाही.

हे करतं कोण? आमच्या टेकडीवर रोज पहाटे येणारे रिटायर्ड काका लोक आणि काही बायका. खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकणाला खिळ्याने भोक पाडलेलं, तो भरून वर चढायचा आणि ठरलेल्या आठ-दहा झाडांच्या बुडाशी उलटा रोवून यायचं, थेंब थेंब दिवसभर मुरतं. त्यातले एक काका गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर स्वतः चढू शकत नाहीत, तर खाली बेंचवर बसून वर जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक कॅन देतात. "रिकाम्या हाताने चाललात, घेऊन जा की वर, तिसऱ्या वळणावर कौशीचं झाड आहे त्याला घाला." माणूस नाही म्हणूच शकत नाही. पुण्यातल्या टेकड्यांवर जी झाडं जगलीत ती वनखात्याच्या कामाइतकीच अशा लोकांच्या पाण्यावर जगलीत, हे मी छातीठोकपणे सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीने आमच्या बाजूच्या उतारावर रोपं लावली. नाव घेत नाही, कारण त्या दिवशी आलेली पोरं मनापासून राबत होती, हाताला फोड आले तरी खड्डे खणत होती, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाहीच. पण मार्चमध्ये वर गेलो तर काठ्या उभ्या आणि रोपं वाळलेली, एक उपटून बघितलं तर मुळांभोवती नर्सरीची काळी पिशवी तशीच! पिशवी फाडून लावायचं असतं हे त्या पोरांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगू शकणारी माणसं रोज त्याच टेकडीवर होती, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मला जास्त वाईट त्याचं वाटलं.

आणि काय लावायचं तेपण त्याच लोकांना विचारा ना. काही दशकांपूर्वी पटकन हिरवं दिसावं म्हणून आपल्या टेकड्यांवर गिरीपुष्प भरमसाट लावलं गेलं, परदेशी झाड, भराभर वाढतं, पण त्याच्या गर्दीत खाली आपलं गवत आणि झुडपं नीट येत नाहीत. ह्या दगडातलं झाड म्हणजे सालई, मोई, धावडा, खैर, हिवर, पळस, मेडशिंगी, गणेर. सावकाश वाढतात, पहिली दोन-तीन वर्षं काही दिसतच नाही, आणि वर्षाच्या रिपोर्टमध्ये फोटो लावायचा असला की नेमकी हीच मागे पडतात. काही ठिकाणी तर झाड लावायचंच नसतं. मोकळा गवताळ माळ म्हणजे पडीक जागा नव्हे हो, सासवडच्या बाजूचे लांडगे त्याच गवतावर जगतात, सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य तर चिंकारासाठीच राखलंय. तिथे खड्डे खणून झाडं लावणं म्हणजे त्यांच्या घरात शिरणं झालं.

कोणी म्हणेल कंपनीला नियमात बसवायला लागतं, वर्षाचा पैसा वर्षात संपवायला लागतो. तर तसं नाहीये. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ बघा, ज्या कंपन्या त्यात बसतात त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची, ह्यालाच सीएसआर म्हणतात, आणि त्यातच म्हटलंय की जिथे तुमचं काम चालतं त्या परिसराला प्राधान्य द्या. शिवाय चालू प्रकल्प म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत काम दाखवता येतं, न संपलेला पैसा त्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवता येतो. म्हणजे लावायचं वर्ष आणि वर तीन उन्हाळे, झाडाला जेवढं लागतं नेमकं तेवढंच! कायदा आडवा येतच नाहीये. पहिल्या दिवशी रोपं निम्मी लावा, उरलेल्या पैशात टेकडीजवळच्याच वस्तीतल्या दोन माणसांना तीन वर्षं पगार द्या, पाण्याची टाकी बसवा, जाळरेषेचा खर्च धरा. आणि रिपोर्टमध्ये लावली किती ते नको, तिसऱ्या जूनला जगली किती ते लिहा.

एक गोष्ट पुण्यात छान चाललीय, ती सांगतो, कारण माझ्या डोक्यात जे आहे ते तिथे प्रत्यक्षात दिसतं. शाडूची माती. आपण शाडूचा गणपती आणतो, बादलीत विसर्जन करतो आणि खूश होतो, पण ही माती येते कुठून? बरीचशी गुजरातेतून, भावनगरकडून, जमीन खणून ट्रकने. दरवर्षी नवीन खणायची आणि दरवर्षी विरघळवून टाकायची. खरंतर शाडू भट्टीत भाजलेला नसतो, त्यामुळे तो पुन्हा भिजवून कितीही वेळा वापरता येतो. तर इकोएक्झिस्ट ह्या पुण्यातल्या संस्थेने पुनरावर्तन नावाची मोहीम चालवलीय, विसर्जनानंतरची माती लोकांकडून गोळा करायची आणि परत मूर्तिकारांना द्यायची. ह्यात सोसायट्या आहेत, कचरावेचक आहेत, मूर्तिकार आहेत, स्वयंसेवक आहेत, आणि कोणालाच फार काही वेगळं करायला लागत नाही, आपलंच काम जरा बदलून करायचं.

आमच्या सोसायटीत आम्ही माती गोळा करायला लागलो तेव्हा पहिली अडचण कळली ती कचरा न्यायला येणाऱ्या ताईंकडून. त्या म्हणाल्या, "दादा, ओली माती देऊ नका हो, एक बादली उचलताना कंबर मोडते, वाळवून द्या." बरोबर होतं त्यांचं. मग पद्धत बसवली. मूर्ती विरघळली की पाणी निवळू द्यायचं, वरचं पाणी झाडांना, खालचा गाळ जुन्या सुती साडीवर गच्चीत पसरायचा, चांगलं ऊन मिळालं की काही दिवसात ढेकळं होतात. पण त्यात मणी, चमकी, जानव्याचा दोरा, तांदूळ, सुपारी, काय काय निघतं, ते मूर्तिकाराने कुठे निवडत बसायचं? म्हणून वर्कशॉपमध्ये अँगलच्या उरलेल्या तुकड्यांतून चौकटी केल्या, बारीक जाळी ताणून बसवली, खाली घमेलं मावेल एवढी उंची ठेवली, आणि गाळ त्यातूनच गाळून घ्यायला लागलो. वेल्डिंग करणारा पोरगा स्वतःहून म्हणाला की कडा घासून देतो, बायकांच्या हाताला लागायला नको. धंदेवाल्याने पर्यावरणाला काय द्यावं असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगीन, की तुमच्या हातात जी कला आहे ती द्या. कुंभाराने माती परत घ्यावी, टेम्पोवाल्याने रिकामी परतीची फेरी द्यावी, रंगवाल्या दुकानदाराने साध्या गेरूचा आणि नैसर्गिक रंगांचा एक कप्पा ठेवावा, कारण तैलरंग मारलेल्या मूर्तीची माती परत वापरायला फार त्रास होतो.

पीओपीची मूर्ती ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठीही पुण्यातच उत्तर निघालंय. एनसीएलच्या, म्हणजे इथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत बसवली, पाण्यात ते टाकलं की पीओपी विरघळतं, खाली चुनखडीसारखा साका बसतो आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं, जे पातळ करून खत म्हणून वापरता येतं. महापालिका ती पावडर लोकांना वाटते. शास्त्रज्ञ, पालिका आणि घरोघरचे लोक एका कामात आले की कसं होतं त्याचा हा नमुना.

कचरावेचकांचा विषय निघालाच आहे तर थोडं अजून. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि त्यातून पुढे स्वच्छ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था, जी २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. ह्या बायकांनी २०१३ साली काय केलं माहितीये? वापरलेले सॅनिटरी पॅड उघडे कचऱ्यात येतात आणि ते हाताने वेगळे करायला लागतात म्हणून पॅड बनवणाऱ्या कंपन्यांना त्यांनी तो कचराच पाठवून दिला. मला ह्या गोष्टीचा आजही अभिमान वाटतो. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमात आलं की पॅड आणि डायपरच्या कंपन्यांनी विल्हेवाटीसाठी वेगळं वेष्टन द्यायचं. कंपन्यांबरोबर काम करणं म्हणजे दरवेळी गोड बोलणंच असतं असं नाही, जिथे मालामुळेच त्रास होतो तिथे तो त्रास त्यांच्या टेबलावर ठेवणं हेपण एकत्र काम करणंच आहे. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांचं तसंच. पाण्याच्या बाटलीला भंगारात भाव मिळतो, त्या पाकिटाला मिळत नाही, मग ते उचलायचे पैसे त्या ताईंना कोण देणार? माल विकणाऱ्याने द्यावेत, किलोवर द्यावेत, आणि थेट त्यांच्या संस्थेला द्यावेत. अशा कंपनीने एक रविवार नदीकाठी झाडू मारून हे भागत नाही.

माझ्या मेसेजच्या यादीत हिंजवडी, तळवडे, चाकणला नोकरी करणारे बरेच जण आहेत. तुम्ही ह्या पावसाळ्यात कंपनीतर्फे रोपं लावायला जाणार असाल तर जरूर जा. फक्त जायच्या आधी सीएसआर बघणाऱ्या माणसाला चार गोष्टी विचारा, पुढच्या मे महिन्यात इथे पाणी कोण घालणार आणि त्याला पगार कोण देणार, वनखात्याशी आणि टेकडीवर रोज येणाऱ्या लोकांशी बोलणं झालंय का, आणि रोपं कोणती आहेत. उत्तर मिळालं नाही तर भांडू नका, त्यांना इथल्या लोकांशी जोडून द्या. मी द्यायला तयार आहे.

आणि डिसेंबरात जाळरेषेला माणसं लागणार आहेत, कोयते आणि हातमोजे कंपनीने दिले तर फार बरं होईल. सोसायट्यांना शाडू गाळायच्या चौकटी हव्या असतील तर जुलै संपायच्या आत मेसेज करा, मजुरी घेणार नाही, जाळीचे पैसे तेवढे द्या. माप दोन बाय दीडचं करतो, गच्चीच्या जिन्यातून सहज जातं.