जर्नल क्लब न वाचता पार पाडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

नोटीस बोर्डावर जर्नल क्लबसाठी, म्हणजे छापून आलेला एक संशोधन-पेपर विभागातल्या डॉक्टरांसमोर मांडून त्यावर चर्चा करण्यासाठी, तुमचं नाव लागलं आहे. गुरुवार, दुपारी दोन, सेमिनार रूम. आज मंगळवार, आणि उद्याची इमर्जन्सी तुमच्याच युनिटची. घाबरू नका, वेळ भरपूर आहे. पेपर वाचायचा असता तर गोष्ट वेगळी होती.

पहिल्या स्लाइडवर इतिहास लागतो, तो आधी उरकून घ्या. विल्यम ऑस्लर यांनी १८७५ साली माँट्रियलच्या मॅकगिलमध्ये जर्नल क्लब काढला. जर्नलं एकट्याच्या खिशाला परवडत नव्हती, म्हणून सगळ्यांनी मिळून ती घ्यायची आणि वाचायची, अशी सोय. आता ती अडचण उरली नाही. पीडीएफ फोनवर येते, आणि फोनवर आलेली वस्तू वाचली असंच धरण्याची आपल्याकडे रीत आहे.

पेपर निवडला की निम्मं काम झालं. सहा पानांच्या वर जाऊ नका. औषध असं घ्या, जे तुमच्या वॉर्डात कोणी देत नाही आणि रुग्णालयाच्या स्टोअरमध्ये कधी येणार नाही. म्हणजे 'मग उद्यापासून आपण द्यायचं का?' हा प्रश्नच उरत नाही. निवडलेला पेपर सरांना बुधवारी रात्री अकराला व्हॉट्सॲपवर पाठवा. लगेच अंगठा येईल. आठवडाभर आधी पाठवलात तर सर तो वाचतील, हा धोका लक्षात ठेवा.

पीडियाट्रिक्सवाल्यांनी २०११ ची फीस्ट ट्रायल (ट्रायल म्हणजे पेशंटांचे गट पाडून केलेली उपचारांची तुलना) चुकूनही घेऊ नये. युगांडा, केनिया आणि टांझानियातली तापानं गंभीर झालेली, रक्ताभिसरण खालावलेली ३१४१ मुलं. त्यातल्या काहींना पहिल्या तासात बोलस, म्हणजे शिरेतून भराभर सोडलेलं सलाइन (एक गट) किंवा अल्ब्युमिन (दुसरा गट), बाकीच्यांना नाही. ४८ तासांत बोलसच्या दोन्ही गटांत साधारण १०.५ टक्के मुलं दगावली, बिनबोलसच्या गटात ७.३ टक्के. म्हणजे दर तीसेक बोलसमागे एक जास्तीचा मृत्यू. हे ऐकल्यावर खोलीतली माणसं जागी होतात. कोणी म्हणतं, तिथे व्हेंटिलेटर नव्हते. कोणी विचारतं, आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात आहेत का? कोणी मलेरियाच्या मुलांचं काय झालं ते काढून बघायला लागतं. तीन वाजतात, चार वाजतात, आणि चहा गार होतो. एवढा गोंधळ एका पेपरानं होत असेल तर तो पेपर घेऊच नये.

आता मांडणी. जर्नल क्लब हा सत्यनारायणासारखा करायचा असतो. अध्याय पाचच: ॲबस्ट्रॅक्ट, इंट्रोडक्शन, मेथड्स, रिझल्ट्स, डिस्कशन. वाचणाऱ्यानं खाली मान घालून वाचावं, ऐकणाऱ्यांनी हात जोडून बसावं, लक्ष प्रसादाकडे असावं. साधुवाण्याची नौका का बुडाली, हे कथेच्या मध्येच कोणी उठून विचारत नाही.

स्लाइड किमान ४५ हव्यात. पेपरमधले परिच्छेद जसेच्या तसे उचलून चिकटवा. टेबलचा फोटो असा काढा की शेवटच्या रांगेतूनच काय, पहिल्या रांगेतूनही आकडे दिसू नयेत. मग 'टेबल नीट दिसत नाही, सॉरी सर' म्हणून पुढे सरका. इंट्रोडक्शनला २० मिनिटं द्या: आजाराची व्याख्या, वर्गीकरण, जगातलं प्रमाण, भारतातलं प्रमाण. मेथड्सला एक स्लाइड पुरे. तीसुद्धा घसा खाकरता खाकरता.

मेथड्समध्ये घाई का करायची, हे नीट समजून घ्या. सगळी भांडणं तिथे दडलेली असतात. पुढचा पेशंट कोणत्या गटात जाणार हे त्याला ट्रायलमध्ये घेणाऱ्या डॉक्टरला आधी कळत होतं का, हे पहिलं. गट ठरवणाऱ्या चिठ्ठ्या पातळ पाकिटात असतील तर पाकीट ट्यूबलाइटसमोर धरलं की गट दिसतो, आणि मग बरा दिसणारा पेशंट बरोबर नव्या औषधाकडे वळतो. गट असा आधी कळू न देणं म्हणजे अलोकेशन कन्सीलमेंट, आणि ते ब्लाइंडिंगपेक्षा (कोणाला कोणता उपचार मिळतोय हे डॉक्टर-पेशंटांना कळू न देणं) वेगळं. कन्सीलमेंट गट ठरेपर्यंतचं, ब्लाइंडिंग गट ठरल्यानंतरचं. ऑपरेशनच्या ट्रायलमध्ये सर्जनचे डोळे बांधता येत नाहीत, पण चिठ्ठी लपवता येतेच. कोणी विचारलंच तर 'डबल ब्लाइंड होती सर' एवढं ठामपणे सांगा. दोन्ही एकच असं मानणारे खोलीत बहुमतात असतात.

पेशंटांचा फ्लो डायग्राम, म्हणजे किती घेतले, किती गळाले, किती उरले याचा तक्ता, तर दाखवूच नका. समजा, दोन्ही गटांत १२०-१२० पेशंट घेतले. औषधाच्या गटातले ३० मध्येच गळाले, दुसऱ्या गटातले १२. उरलेल्यांत औषधानं ९० पैकी ७२ बरे झाले, म्हणजे ८० टक्के. दुसरीकडे १०८ पैकी ७२, म्हणजे ६७ टक्के. औषध जिंकलं, टाळ्या. पण एखादा चिकट प्राणी गळालेल्यांना परत मोजायला बसतो. ते बरे झाले नाहीत असं धरलं तर १२० पैकी ७२ आणि १२० पैकी ७२. दोन्हीकडे ६० टक्के. मग तो विचारतो, औषधाच्या गटातलेच ३० का गळाले, उलट्या होत होत्या का? हा हिशेब करायला पाटीपेन्सिल पुरते, म्हणूनच तो धोकादायक.

ट्रायलची नोंदणीसुद्धा उघडून बघू नका. भारतातली क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री २००७ पासून आहे, आणि औषधांच्या ट्रायलना तिथे नोंद करणं २००९ पासून सक्तीचं आहे. नंबर टाकला की दोन मिनिटांत कळतं की सुरुवातीला मोजायचे होते मृत्यू, आणि पेपरात मोजले आहेत रुग्णालयातले दिवस. दोन मिनिटांत कुणाच्या तीन वर्षांच्या कष्टांवर पाणी टाकणं बरं नव्हे.

रिझल्ट्समध्ये फक्त पी व्हॅल्यू वाचा, म्हणजे औषधात काही दम नसताना निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता; रीतीप्रमाणे सीमारेषा ०.०५. ०.०४ आली की 'सिग्निफिकंट', ०.०६ आली की 'ट्रेंड दिसतो'. मृत्यू ४ टक्क्यांवरून ३ वर आले असतील तर '२५ टक्क्यांनी घट' म्हणा. एक मृत्यू टाळायला १०० जणांना औषध द्यावं लागतं, हे खरं असलं तरी रसभंग करणारं आहे. कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक साधारण किती ते किती असू शकतो, तो पट्टा) कंसात असतो. कंसातलं मनातल्या मनात वाचायचं असतं.

सबग्रुप, म्हणजे पेशंटांचे वय-लिंग-आजारावरून पाडलेले छोटे गट, मात्र आवर्जून सांगा. ट्रायल एकूणात हरली तरी पन्नाशीपुढच्या मधुमेही स्त्रियांत कुठेतरी जिंकलेली असतेच. औषध पूर्ण निरुपयोगी असलं तरी २० स्वतंत्र तुलना केल्या की एखादी तरी 'सिग्निफिकंट' निघण्याची शक्यता ६४ टक्के, म्हणजे तुमच्या बाजूनंच. १९८८ च्या आयसिस-२ मध्ये १७,१८७ हार्ट अटॅकच्या पेशंटांत ॲस्पिरिननं मृत्यू स्पष्ट कमी केले. पण लेखकांनी मुद्दाम राशीवार तक्ता मांडला, तर मिथुन आणि तूळवाल्यांना ॲस्पिरिन किंचित मारक दिसलं! सबग्रुपवर विसंबू नये म्हणून त्यांनी ती थट्टा केली होती. तुम्ही ती गंभीरपणे घ्या. कॅज्युअल्टीत ईसीजीच्या आधी पत्रिका मागवता येईल.

आउटकम, म्हणजे ट्रायलनं शेवटी काय मोजलं ते, कोणताही चालतो. तपासणीतला आकडा सुधारला की पेशंट सुधारला, हे गृहीत धरा. हार्ट अटॅकनंतर हृदयाचे चुकार ठोके एन्केनाइड आणि फ्लेकेनाइडनं छान थांबायचे. १९८९ मध्ये कास्ट ट्रायलनं मृत्यू मोजले, तेव्हा औषध घेणारे प्लासीबोवाल्यांपेक्षा (औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा) जास्त दगावलेले निघाले. ईसीजी मात्र सुरेख होते.

राहिले लिमिटेशन्स, म्हणजे पेपरच्या उणिवा. 'सिंगल सेंटर, स्मॉल सॅम्पल साइज, शॉर्ट फॉलोअप.' हा मंत्र पाठ करा, पेपर न उघडता म्हणता येतो. मल्टिसेंटर ट्रायल निघालीच तर पहिले दोन शब्द गिळा. शेवटी 'लार्जर स्टडीज आर नीडेड', मग ट्रायल १७ हजारांची का असेना.

प्रश्नोत्तरांची व्यवस्था आदल्या दिवशीच होते. जेआर टू (दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर) मित्राला एक प्रश्न लिहून द्या आणि उत्तर स्वतःकडे ठेवा. उलट झाल्याची उदाहरणं आहेत. एचओडी (विभागप्रमुख) मॅडम सॅम्पल साइज, म्हणजे किती पेशंट घेतले ते, विचारतील. आकडा सांगा. तो कसा काढला हे त्या विचारणार नाहीत, कारण विभागातल्या निम्म्या थिसिसमध्ये तो तीस-तीस आहे आणि विषय तिकडे गेलेला कोणालाच नको आहे. नाइट करून आलेला जेआर वन मागे झोपलेला असतो. त्याला उठवू नका, खोलीतला प्रामाणिक प्रतिसाद तेवढाच आहे. तरीही कोणी खोलात शिरू लागलं तर सिस्टरना आधीच सांगून ठेवलेला वॉर्डातला कॉल बरोबर २ वाजून ५० मिनिटांनी यावा.

समोसे आले की हजेरीचं रजिस्टर फिरवा. न आलेल्यांच्या सह्या तेव्हाच उरकतात.

लॉगबुकची (परीक्षेत दाखवायच्या, केलेल्या कामाच्या नोंदवहीची) काळजी आता नको, ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका बैठकीत भरतात. तीन वेगळी पेनं घ्या, दोन निळी, एक काळं. मधली एखादी नोंद थोडी गिचमिड करा. आणि तारखा टाकताना मागच्या तीन वर्षांची कॅलेंडरं शेजारी ठेवा. दिवाळीच्या पाडव्याला दुपारी दोन वाजता जर्नल क्लब झाल्याचं परीक्षकाच्या चटकन लक्षात येतं.