मामा, कैचीला हात लावण्याआधी हे वाचा

मामांनी काल दुपारी कैचीबद्दलचा एक मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, "उद्या वेल्डर बोलावलाय." शेडच्या कैचीतला, म्हणजे छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी लोखंडी सांगाड्यातला, मधला तिरका अँगल (लोखंडी पट्टी) कापून पोटमाळ्याला उंची काढायची म्हणे. आधी वेल्डरला नको म्हणून कळवा, मग पुढचं वाचा.

मेसेज म्हणतो, "कैचीतल्या निम्म्या पट्ट्यांवर भारच नसतो, हे इंजिनिअरिंगच्या पुस्तकातच आहे. त्या कापल्या तरी काही होत नाही."

पुस्तकातलं खरं आहे, तेवढं मान्य करते. ठरावीक भार धरून गणित केलं की काही पट्ट्यांत बल शून्य येतं. निम्म्यांत येतंच असं नाही! आणि ते शून्य त्या एका भारापुरतंच. वाऱ्याने पत्रे वर ओढले गेले, की एरवी ताणात असलेला खालचा अँगल दाबात येऊ शकतो. दाबातला लांब अँगल चिरडायच्या कितीतरी आधी बाजूला वाकतो. त्याला मध्येच धरून ठेवणारी पट्टी काढली आणि बिनआधाराची लांबी दुप्पट झाली, तर वाकण्याआधी तो जेवढा दाब सोसायचा त्याच्या पावपटच सोसतो. 'भार नसलेली' पट्टी अनेकदा नेमकी ही लांबी तोडायला बसवलेली असते. शिवाय मामा, तुमचा अँगल तिरका आहे. त्याच्यामुळे त्रिकोण होतो. तो गेला की उरते चौकट, आणि चौकट कलते.

बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या कमजोर असल्या की काय होतं, ते बघा. कॅनडात क्विबेकचा पूल 29 ऑगस्ट 1907 रोजी बांधकाम चालू असतानाच कोसळला. 75 कामगार गेले. चौकशी आयोगाने दोष ठेवला तो मुख्य खांबाजवळच्या, दाबातल्या खालच्या अवयवांच्या, म्हणजे सांगाड्याच्या भागांच्या, रचनेवर. त्यांतल्या जाड पोलादी फळ्यांना एकत्र बांधणाऱ्या जाळीदार पट्ट्या, म्हणजे लेसिंग, फारच कमजोर होत्या. कोसळण्याच्या दोन दिवस आधी एक अवयव दोन इंचांहून जास्त वाकलेला मोजला होता, तरी काम चालूच राहिलं.

मेसेजमधले बाकीचे मुद्दे. "भरीव गर्डर ट्रसपेक्षा नेहमीच मजबूत." (गर्डर म्हणजे लोखंडी तुळई, ट्रस म्हणजे आपली कैची.) चूक. वाकण्याचा ताण-दाब मुख्यतः वरच्या आणि खालच्या कडा घेतात. त्या एकमेकींपासून जितक्या लांब, तितकं बरं. म्हणून मोठ्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या मोठ्या अंतराला, मधलं पोलाद कमी करून खोल ट्रस करतात. "गर्डरच्या टोकाला रोलर आणि फट म्हणजे कामचुकारी." 30 मीटरचा पोलादी गर्डर तापमान 30 अंशांनी वाढलं की सुमारे 11 मिलिमीटर लांबतो. त्याला सरकायला जागा नको?

उंची हवीच असेल, तर कैचीचं ड्रॉइंग घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जाऊ, मी येते सोबत. भार घेणारी दुसरी व्यवस्था आधी बसवायची आणि मगच जुना अँगल काढायचा, असा क्रम असतो. आणि वेल्डरने सकाळीच कापून टाकला असेल, तर शेडमधून सगळ्यांना बाहेर काढा आणि लगेच फोन करा.