काचेवर पाणी येत नाही म्हणजे मोटर जळाली असं नव्हे

गेले पंधरा दिवस आमच्या साताऱ्यातल्या तीन वेगवेगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. मजकूर असा: ‘वायपरचं पाणी बंद झालं म्हणजे मोटर जळाली, सरळ नवी टाका. तोपर्यंत कांडी ओढून धरा, दाबाने कचरा निघून जातो. नोझलमध्ये सुई घाला. टाकीत साधं पाणी आणि चमचाभर कपड्याची पावडर टाका.’ (कांडी म्हणजे गाडीच्या स्टिअरिंगजवळची वायपरची दांडी, नोझल म्हणजे काचेवर पाणी उडवणारं बारीक तोंड.) यातलं जवळजवळ सगळं चुकीचं आहे, आणि लोक ते करून बघतायत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी मोटर, म्हणजे वायपर फिरवणारी नव्हे, तर टाकीतलं पाणी काचेकडे ढकलणारा छोटा पंप. शेजारच्या काकांना एका गॅरेजात हेच सांगितलं. मोटर बदलली, पैसे गेले, पाणी नाहीच. रविवारी सकाळी आम्ही दोघांनी चाक पूर्ण एका बाजूला वळवलं, चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर सोडवलं आणि टाकीच्या तळाला खोचलेली ती नवी मोटर हाताने ओढून काढली. तिच्या तोंडाशी रबराच्या बुचात अंगठ्याच्या नखाएवढी जाळी असते. ती हिरवट, बुळबुळीत गाळाने पार लिंपलेली होती. जुन्या टूथब्रशने घासली, टाकी दोनदा विसळली, सगळं परत बसवलं. काकांनी कांडी ओढली तर दोन्ही धारा टपापर्यंत गेल्या. काढलेली जुनी मोटर डिकीत पडली होती. बॅटरीला तारा लावून बघितली, तर तीही फिरली.

हे पैसे वाचवायला फक्त कान लागतो. इंजिन बंद, चावी ऑन, खिडकीची काच खाली. एकाने कांडी ओढायची, दुसऱ्याने बंपरजवळ कान द्यायचा. घर्रर्र असा आवाज आला तर मोटर जिवंत आहे. मग टाकीत पाणी आहे का बघा, आणि बॉनेट उघडून नोझलजवळची नळी काढा. तिथपर्यंत पाणी येत असेल तर दोष नोझलचा. नसेल तर मागे मागे जात नळी तपासा. बॉनेटच्या बिजागरीपाशी ती रोज दुमडते आणि तिथेच चिरते. आपल्याकडे आणखी एक कारण आहे: ऊसतोड सुरू झाली की शेतातले उंदीर वस्तीकडे येतात आणि उबेला बॉनेटखाली शिरतात. कुरतडलेल्या नळीखाली जमिनीवर ओल दिसते.

आवाजच नसेल तर आधी फ्यूज बघा. कोणता ते फ्यूजबॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, मोठा घालू नका. परत उडाला तर वायरिंगमध्ये किंवा मोटरमध्ये दोष आहे. फ्यूज शाबूत असेल तर मोटरचा प्लग काढून आत हिरवा गंज चढलाय का बघा. कांडी ओढल्यावर प्लगला लावलेला टेस्टरचा दिवा लागतो आणि मोटर तरीही गप्प, तेव्हा ती गेली असं म्हणायचं. म्हणजे मेसेजमधलं पहिलं पाऊल खरं तर शेवटचं आहे.

कांडी ओढून धरणं तर घातकच. ही मोटर पाण्यातून चालण्यासाठी बनवलेली असते, पाण्यानेच गार राहते. कोरडी किंवा तुंबलेली फिरवली की तापते. चांगली मोटर या सल्ल्यानेच जाऊ शकते.

सुईच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे. जुन्या पद्धतीच्या नोझलमध्ये बारीक गोळी असते, टाचणीने ती फिरवून धारेची दिशा बदलता येते. पण बाहेरून सुई खुपसली की कचरा आत ढकलला जातो, आणि पंख्यासारखा फवारा मारणाऱ्या नोझलचं आतलं नाजूक भोक कायमचं बिघडू शकतं. नोझल काढून उलट्या बाजूने हवा मारा. क्षार बसला असेल तर अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवा.

आणि पाणी. बोअरच्या पाण्याने गीझरमध्ये जो पांढरा थर बसतो तोच नोझलमध्ये बसतो. सांगलीकडे कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. त्यात कपड्याची पावडर पडली की चोथा होतो, शिवाय काचेवर पातळ थर राहतो आणि रात्री समोरच्या दिव्याचा उजेड त्यावर पसरतो. आरओ फिल्टरचं किंवा घरच्या एसीतून ठिबकलेलं स्वच्छ पाणी घ्या, नाहीतर तयार वॉशर लिक्विड. आरओच्या सांडपाण्याच्या नळीचं पाणी नको, त्यात क्षार जास्तच असतात. कूलंटही नको, काच तेलकट होते आणि ते विषारी असतं.

मी इतकं लिहितोय कारण मागच्या हंगामात सांगलीहून पेठ नाक्याकडे येताना हे माझ्यावर बेतलंय. पुढे उसाची ट्रॉली, काचेवर धुळीचा थर, समोर मावळतीचं ऊन. कांडी ओढली, पाणी आलं नाही, आणि कोरडा वायपर फिरून काच पांढरी झाली. ताशी ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला १६ मीटरहून जास्त जाते. मी खिडकीतून डोकं काढून गाडी कडेला घेतली. तेव्हापासून दारात पाण्याची एक बाटली आणि सुती फडकं असतंच. रस्त्यात पाणी बंद पडलं तर वायपर लगेच थांबवा, गाडी सुरक्षित जागी उभी करा आणि बाटलीतल्या पाण्याने काच हाताने धुवा. बाकीची तपासणी घरी.