घर हलवताना पिंप रिकामं करू नये

साखर पेठेतलं तीन खोल्यांचं घर सोडून जुळे सोलापुरात रो-हाऊस घेतलंत, अभिनंदन. आता सामान तेवढं हलवायचं राहिलंय. गाव तेच, अंतर फार तर सहा-सात किलोमीटर. "एवढ्याला काय प्लॅनिंग करायचं बे, दोन खेपांत होतंय की," असं म्हणणारा माणूस घरात शोधा. प्रत्येक घरात असतोच, बहुधा ते दाजी असतात. सगळा कारभार त्यांच्या हाती द्या आणि निवांत बसा.

मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा धरा. साडेतीन मुहूर्तांतला आहे, म्हणजे भटजींना विचारायची दक्षिणासुद्धा वाचते. त्या दिवशी निम्म्या गावाचा गृहप्रवेश असतो, त्यामुळे आठ वाजता येणारा छोटा हत्ती बारा वाजता येतो, हा तर आणखी फायदा. बारा वाजता पारा 43 च्या आसपास असतो आणि लोखंडी कपाट तव्यासारखं तापलेलं असतं. हमाल ते धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. दाजी सावलीत उभे राहून "तिरकं घ्या, तिरकं" म्हणतात. उन्हाचा त्रास होत असेल तर जानेवारीत हलवा. 13 ते 17 तारखेच्या दरम्यान सिद्धेश्वराची यात्रा असते. जुन्या गावातून नंदीध्वज निघाले की तुमचा टेम्पो "हर्र बोला हर्र"च्या गर्दीत मधोमध उभा राहील आणि गादीवर बसून दर्शन होईल. पण पौषात घर कोण बदलतंय? तेव्हा अक्षय्य तृतीयाच बरी.

मुहूर्त बघा, राहुकाळ बघा, चंद्रबळ बघा, पण पाण्याचा वार चुकूनसुद्धा बघू नका.

बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं की इथं वार सातच असले तरी माणूस चालतो तो पाण्याच्या वारावर. उजनी धरणात पाणी असतं. शंभरेक किलोमीटर पाइपातून ते गावापर्यंत येतंही. पण आपल्या नळाला ते तीन-चार दिवसांनी येतं, कधी पाच होतात, आणि पाइपलाइन फुटली तर विषयच संपला. त्यातून प्रत्येक भागाचा वार वेगळा. डोहाळजेवण, बारसं, सासूबाईंचं येणं, सगळं पाण्याचा वार बघून ठरवणारे आपण घर बदलताना तेवढा विसरतो. नीट जुळवलं तर जुन्या घरी नळ येण्याच्या आदल्या दिवशी निघता येतं आणि नव्या घरी नळ येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पोचता येतं. हा योग पंचांगात छापत नाहीत. तो दाजींनाच साधतो.

पॅकिंगसाठी बाहेरून काही विकत आणू नका. सोलापुरी चादर असताना बुडबुड्यांचं प्लास्टिक आणणं हा गावाचा अपमान आहे. टीव्ही चादरीत, आरसा चादरीत, मिक्सर चादरीत, आणि उरलेल्या चादरी चादरीत. आमच्या घरी माणसं पाच आणि चादरी एकतीस निघाल्या. पुण्या-मुंबईचे पाहुणे एक नेतात आणि वर्षभर कौतुक करतात. आपल्याला ती प्रत्येक लग्नात मिळते, कौतुकाशिवाय. टॉवेल तर मोजूच नका. आहेरात आलेला, घडी न मोडलेला टॉवेल वापरायचा नसतो, पुढच्या आहेरात द्यायचा असतो. आमच्याकडून गेलेला एक निळा टॉवेल सहा वर्षांनी आमच्याचकडे परत आला होता. अक्षतेचा दाणा अजून घडीत होता.

माळा उतरवताना टाकायचं आणि न्यायचं असे दोन ढीग करा, असं शहाणे लोक सांगतात. करा की. टाकायच्या ढिगाशेजारी आईला बसवा आणि चहा करून या. परत येईपर्यंत ढीग एकच असेल. झाकण नसलेले दोन कुकर, कुकर नसलेली तीन झाकणं, "मामाकडून" असं कोरलेली, चेपलेली परात, बंद पडलेल्या कूलरची मोटर (तिच्यातलं तांबं विकता येतं, असं गेली बारा वर्षं बोललं जातंय). आमच्या माळ्यावर मागावरचा एक धोटाही निघाला. आजोबा मिलमध्ये होते. मिल बंद झाली, आजोबा गेले, धोटा टोकाला अजून गुळगुळीत आहे. तो मात्र मीच न्यायच्या ढिगात ठेवला, त्यामुळे कूलरच्या मोटरीवर बोलायचा माझा हक्क तिथंच संपला.

खोक्यांवर आत काय आहे ते लिहायचं असतं. पहिल्या चार खोक्यांवर नीट लिहा: "देव", "पुस्तकं", "तिखट-मीठ", "बाबांची औषधं". मग कंटाळा येतो. पाचव्यापासून सरळ "किरकोळ" लिहा. शेवटी तेवीस खोकी "किरकोळ" होतात आणि लायटर, साखर, एक्स्टेन्शन बोर्ड, पाण्याची मोटर, घागरी, बादल्या, सगळं त्यात सुखानं नांदतं.

आता पिंपाचं बघू. मोरीत दोनशे लिटरचं निळं पिंप असतं आणि ते गळ्यापर्यंत भरलेलं असतं, कारण पाणी मंगळवारी आलं होतं. हमाल त्याला हात लावून थांबतो.

"आज्जी, ओतून टाकू का?"

"ओतून?" आज्जी देवांचं खोकं मांडीवरून खाली ठेवते. "मंगळवारचं पाणी हाय ते!"

"मग काय पाण्यासकट उचलायचं व्हय?"

"तसंच उचला."

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, हे चौथीच्या मुलाला कळतं. दोनशे किलोचं पिंप जिन्याशिवायच्या घरातून का होईना, पण उचलायचं म्हणजे काय, हे हमालाला कळतं. आज्जीला दोन्ही कळत असतं. तिला पाण्याचा वारही कळत असतो, पण तो तिला कुणी विचारलेला नसतो. या वेळी मध्ये पडू नका. दाजी पडतात. ते हिशेब करतात, हमालांचे तीनशे रुपये वाढवतात, झाकणावर चादर घालून सुतळीनं आवळतात आणि पिंप गाद्यांना टेकवून उभं करतात, हलू नये म्हणून. सात रस्त्याच्या अलीकडे गतिरोधक लागतो. पुढचं सांगत नाही. गाद्या अक्षय्य तृतीयेच्या उन्हात दोन दिवसांत वाळतात.

खेपा दोनाच्या पाच होतील. सिलिंडर भरलेलाच लागला असेल तर हमाल पुन्हा तुमच्याकडे बघेल. भरल्या सिलिंडरमध्ये नुसता गॅसच 14.2 किलो असतो. गॅसचं पुस्तक, लाइटबिलाचं नाव, आधारवरचा पत्ता, ही कामं पुढच्या वर्षासाठी ठेवा. सगळे ठेवतात.

नव्या घरात शिरताना देव, मीठ आणि नवी केरसुणी आधी. मग नव्या ओट्यावर दूध उतू घालायचं. लायटर किरकोळमध्ये असल्यामुळे देवापुढची काडेपेटी घ्या.

रात्री जुन्या घराशेजारच्या मागांचा खडखडाट नसल्यानं कुणाला झोप लागत नाही. एवढ्या शांततेची सवय नसते. अडीचच्या सुमाराला शेजारच्या काकू गेट वाजवतात: "अहो नवीन आलेले! नळ आलाय! काल यायचं पाणी, आज आलंय बघा!" म्हणजे दाजींचा योगसुद्धा चुकला. आता घरातले सगळे उठा आणि हौदाची मोटर शोधा. ती किरकोळमध्ये आहे. बादल्या शोधा. त्याही किरकोळमध्ये आहेत. एकेक खोकं फाडत जा: चादरी, टॉवेल, कुकरची झाकणं, चादरी. चौदाव्या खोक्यात मोटर सापडते, सतराव्यात बोर्ड. वायर जोडून बटण दाबेपर्यंत नळ फुस्स करतो आणि थांबतो. काकू गेटावरूनच सांगतात, आता शुक्रवारी.

सकाळी आज्जी कुणाला काही बोलत नाही. पिंपावरची सुतळी सोडते, झाकण बाजूला करते, अर्ध्यावर आलेल्या पाण्यात तांब्या बुडवते आणि आधण ठेवते.

चहा बिनसाखरेचा प्या. साखर अजून सापडलेली नाही.