शिरपूरच्या वाचकाला उत्तर: तीन मिलिमीटरचं काय घेऊन बसलात?

दादा, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: समुद्र वर्षाला तीन-चार मिलिमीटर चढतो, त्याला काय घाबरायचं? हॉलंडवाले समुद्राच्या खाली राहतात, माणूस वेळ पडली की सरकतो, आणि खानदेशात बसून ही उठाठेव हवीच कशाला?

आकडा बरोबर आहे. भुसावळला बंदर होणार नाही हेही कबूल. पण त्या आकड्याची चाल बघा. 1901 ते 1971 या काळात वर्षाला सरासरी 1.3 मिमी वाढ होती, 2006 ते 2018 मध्ये ती 3.7 झाली. समुद्राचं पाणी तापून फुगतंय, त्यात हिमनद्या आणि ग्रीनलंडच्या बर्फाची भर. हळू आहे, पण पूर्वीइतकं हळू राहिलेलं नाही.

शिवाय हे मिलिमीटर रोज जाणवत नाहीत, उधाणाच्या दिवशी एकदम वसूल होतात. ऑगस्ट 2006 चा सुरतेचा पूर आठवा. राखी पौर्णिमा तोंडावर, वरून उकाई धरणाचं लाखो क्युसेक पाणी, खालून भरती. आपल्याच तापीला समुद्रात शिरायला वाट मिळेना आणि बहुतेक शहर बुडालं. तो पूर समुद्र चढल्यामुळे आला असं मी म्हणत नाही. (धरण आधीच रिकामं का केलं नाही, हा वाद वेगळा, त्यावर बोलायला बसलो तर रात्र सरेल.) पण भरती जितकी उंच, तितकं मागचं पाणी तुंबणार, एवढं तर पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला सांगायला नको.

सुरतेच्या लिंबायत भागात खानदेशी माणसं किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे मीठी खाडीला पूर आला की फ्रीज खाटेवर चढतो, धान्याची कोठी विटांवर, लेकरं वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे. पाऊस थांबतो, पण ओहोटी लागेपर्यंत पाणी हलायला तयार नसतं. अशा खोलीत चार बोटं पाणी जास्त म्हणजे गादी भिजते की वाचते, एवढा फरक.

हॉलंडचं उदाहरण तर तुमच्याच अंगावर येतं. 1953 च्या फेब्रुवारीत एका रात्री तिथले बंधारे फुटले, 1,836 माणसं गेली. त्यानंतर कित्येक दशकं त्या देशाने समुद्राला अडवायला पैसा ओतला. काळजी केली म्हणून ते आज तिथे निवांत आहेत.

आणि ‘माणूस सरकतो’ म्हणता, तर लिंबायतचा, लूमवर (यंत्रमागावर) राबणारा तो माणूस शिंदखेड्याची कोरडवाहू सोडून एकदा सरकलेलाच आहे. आता कुठे सरकणार? तळमजल्याची खोली स्वस्त मिळते म्हणून तो तिथे राहतो.

मी गावं उठवा म्हणत नाही. नवा पूल, खाडीची भिंत, नाल्याचं तोंड बांधताना आजची भरती धरून चालणार नाही, पन्नास वर्षांनंतरची धरा, एवढंच माझं मागणं. बांधकाम एकदाच होतं, आणि नंतर उंची वाढवायला पैसे दुप्पट लागतात, हे तुम्हीही ठेकेदारीत पाहिलं असेल.