बाळ झालं म्हणजे सुटलो, असं नाही
हृदयरोग असलेल्या बायकांच्या गरोदरपणावरचा लेख चांगला आहे, पण त्यातलं ‘हृदयरोग असेल तर सिझेरियनच बरं’ हे खटकलं. बहुतेक हृदयरुग्ण बायकांसाठी डॉक्टर नैसर्गिक प्रसूतीच पसंत करतात. कळांचा ताण कमी व्हावा म्हणून एपिड्युरल (पाठीतून दिलं जाणारं वेदना कमी करणारं औषध) देतात, शेवटी फार जोर लावावा लागू नये म्हणून व्हॅक्युम किंवा चिमटा लावून बाळाला बाहेर काढतात.

आपल्याकडे मोठा प्रश्न आहे तो लहानपणीच्या संधिवाती तापाने (रुमॅटिक फीव्हर) अरुंद झालेल्या मायट्रल झडपेचा, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचा. गरोदरपणात रक्त ४०-५० टक्क्यांनी वाढतं, ते त्या झडपेतून नीट पुढे जात नाही आणि फुप्फुसात पाणी साचतं. अनेकींना तोवर आजाराचा पत्ताच नसतो. घरचे म्हणतात, दिवस गेलेत, दम लागायचाच! पण आडवं पडल्यावर धाप लागत असेल, रात्री उठून बसावं लागत असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. गरज पडली तर गरोदरपणातही नळीतून नेलेल्या फुग्याने झडप रुंद करता येते.

प्रसूतीनंतर गर्भाशय आकसतं आणि तिथलं रक्त एकदम हृदयाकडे येतं, म्हणून पहिले २४ ते ४८ तास फार जोखमीचे. लेखात याबद्दल एक ओळही नाही.