साठ वॉटचा पिवळा बल्ब

आज सकाळी वॉचमननं गेटवर थांबवून विचारलं, "साहेब, गावठी अंडी कशी डझन?"

माझ्या घरात कोंबडी नाही. कधी नव्हती. आहे तो आजोबांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला, जुना रेडिओ. त्याच्यासाठी मी परवा एक बल्ब आणायला गेलो, एवढाच काय तो गुन्हा.

रेडिओ माळ्यावर होता. घरात त्याला पहिल्यापासून 'मर्फी' म्हणतात. मागचा पुठ्ठा पुसला तर छापलेलं निघालं फिलिप्स. आत्याला सांगितलं तर "मग मर्फी कुठं विकलास?" म्हणाली. म्हणून जुना रेडिओ नातेवाइकांच्या आठवणीवरून ओळखू नये. पुठ्ठ्यावरचा नंबर आणि व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचावीत. फिलिप्सच्या नंबराच्या शेवटी 'ए' असला तर संच एसीवरचा, 'यू' असला तर एसी-डीसी दोन्हींवरचा. व्हॉल्व्हचं नाव 'ई'नं सुरू झालं तर फिलामेंट (आतली तापणारी तार) ६.३ व्होल्टचं आणि आत बहुधा ट्रान्सफॉर्मर, 'डी' म्हणजे बॅटरीचा, आणि 'यू' म्हणजे जपून.

आमच्यात निघाले यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२ आणि यूवाय ८५. चौघांची फिलामेंटं एकाच माळेत: १९, १९, ५० आणि ३८, मिळून १२६ व्होल्ट. २३० मधले उरलेले शंभरेक व्होल्ट हजारेक ओहमचा एक जाडा रेझिस्टन्स स्वतः तापून खातो. ट्रान्सफॉर्मर नाहीच, त्यामुळे लाइटची एक वायर थेट चासीवर, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की अख्खी चासी फेजवर, मग नॉबमधल्या इवल्याशा स्क्रूला बोट लागलं तरी पुरे. असल्या चासीला अर्थिंग जोडण्याचा शहाणपणा करू नये. काम करताना मध्ये एकास एकचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्यावा, तो संच लाइटच्या वायरींपासून वेगळा ठेवतो. १०० व्हीएचा चालतो.

आणि सगळ्यात घातक वाक्य म्हणजे "एकदा लावून तर बघू." वर्षानुवर्षं पडून राहिलेला संच थेट प्लगात घालायचा नसतो. फेजच्या वायरीत मालिकेत (सिरीजमध्ये) साठ वॉटचा तारेचा बल्ब घालायचा. एलईडी नाही. तारेचा.

कोपऱ्यावरच्या दुकानात तेच मागितलं. मालकानं नऊ वॉटचा एलईडी पुढे सरकवला. "साठचाच उजेड पडतो."

"मला उजेड नकोय," मी म्हणालो. इथं चुकलं.

"उजेड नको तर बल्ब कशाला?"

"तापायला."

शेजारी टेपपट्टी घ्यायला आलेले एक टोपीवाले काका एकदम वळले. "किती पिल्लं आहेत?"

"पिल्लं नाहीत हो. रेडिओ आहे."

"असू दे की. रेडिओ लावला की पिल्लं बुजत नाहीत. किती दिवसांची?"

"साठेक वर्षांचा असेल."

हे त्यांनी ऐकलंच नाही. "पहिला आठवडा पस्तीस डिग्री. पुढं दर आठवड्याला तीन-तीन कमी करायची. थर्मामीटरबिर्मामीटर काही लागत नाही. पिल्लांकडं बघायचं. बल्बखाली दाटीनं बसली की थंडी वाजतीय. लांब पळाली की उकडतंय. सगळीकडं पसरून खेळली की झकास."

"काका, मला रेडिओ दुरुस्त..."

"आणि साठ नको, शंभरचा न्या. पन्नास पिल्लांना साठ पुरत नाही."

पन्नास हा आकडा त्यांनी कुठून आणला देव जाणे. मालक तोवर आतून धुळकट खोकं घेऊन आला, "पोल्ट्रीवालेच नेतात आता" म्हणाला आणि दोन बल्ब बांधून दिले. पायरी उतरतोय तोच मागून हाक: "वरून जाळी टाका! मांजर!" हे सगळं रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. रस्त्यावर आमचा वॉचमन होता.

चीड याची येते की काकांचं बरोबर होतं. सिरीज बल्बचं शास्त्रही तेच: मीटरआधी त्याच्याकडं बघायचं. स्विच दाबल्यावर बल्ब झपकन पेटून हळूहळू मंदावला तर झकास, फिलामेंटं तापतायत. भकाभका पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, पण तुमचा रेडिओ जळण्याऐवजी बल्ब पेटलाय. तार तापली की तिचा विरोध वाढतो, म्हणून करंट आवरला जातो. एलईडीला हे जमत नाही, तो नुसता लुकलुकतो.

पण त्याआधी कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे तुकडे, तपासायचे. मेण-कागदाचे सगळे संशयित समजावेत. त्यातला खलनायक यूसीएल ८२च्या ग्रिडवरचा (ग्रिड म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट आवरणारी जाळी), बहुधा ०.०१ मायक्रोफॅरडचा. तो गळू लागला की ग्रिडवर प्लस व्होल्टेज येतं, व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातो. तिथं ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर टाकावा. मेनच्या दोन वायरींमधल्या कंडेन्सरच्या जागी २७५ व्होल्ट एसीचा एक्स-२ वर्गाचाच, दुसरा नाही. फिल्टरचा, म्हणजे घरघर गाळणारा, ५० मायक्रोफॅरडचा असेल तर ४७, ४५० व्होल्टचा. 'घरघर कमी होईल' म्हणून उदारपणे २२० घातला की रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा यूवाय ८५, आयुष्यातून उठतो. एका वेळी एकच बदलायचा, आधी फोटो काढून. बंद केल्यावरही आत दोनशेच्या वर व्होल्ट टिकून असतात. ते १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टन्समधून उतरवावेत आणि मीटरनं खात्री करावी. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडणं हे शौर्य नाही. आणि आयएफच्या डब्यांमधले (स्टेशन नेमकं पकडणाऱ्या कॉइलींच्या) स्क्रू ढिले वाटले तरी आवळू नयेत, ते ढिले नसतात. घराघरात एक स्क्रू आवळणारा भाऊजी असतोच.

डायलच्या काचेची आतली बाजू ओल्या फडक्यानं पुसायची नाही, अक्षरं तिथंच रंगवलेली असतात. आमच्याकडं एका दिवाळीत कुणीतरी सिलोन पुसून टाकलं. ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही.

असो. रेडिओ लागला. सुई मीडियम वेव्हच्या ७९२ किलोहर्ट्झवर आणली, पुणे केंद्र बोललं, पण त्यावर अशी घरघर की निवेदिका गिरणीत बसून बोलतेय वाटावं. घरातले एलईडी दिवे एकेक बंद केले, निम्मी गेली. त्यांच्या आतली स्वस्तातली सर्किटंच मीडियम वेव्हवर कचरा टाकतात. उरलेली निम्मी जिन्यातल्या दिव्याची. तो घालवला की आवाज धुतल्या तांदळासारखा.

संध्याकाळी सेक्रेटरींना गाठलं. म्हटलं, जिन्यातला तेवढा दिवा बदला, वाटलं तर पैसे मी देतो. ते म्हणाले, "दिव्याचं मीटिंगमध्ये बघू. पण सोसायटीत कोंबड्या पाळायला परवानगी नाही. तुम्हाला तशी नोटीस येईल."